खाडीचा हिशोब

१. कागदावरचा अवघड शब्द

माघ महिन्यातली संध्याकाळ होती. मी ओटीवर बसलो होतो. तेवढ्यात माझा एक जुना विद्यार्थी आला. त्याच्या हातात कागदांची गुंडाळी होती.

"गुरुजी, खाडीत पिंजरे टाकायचं ठरवलंय," तो म्हणाला. "जिताडा पाळायचा. आम्ही दहा जण आहोत. प्रत्येकाचा एक पिंजरा. बँकेचं कर्ज काढतोय. पण ह्या कागदावर एक शब्द आहे, तो काही लागत नाही."

मी चष्मा लावला आणि वाचले. शब्द होता 'जलगुणवत्ता प्रतिमान'.

वाचकहो, हा मुलगा आळशी नव्हे. त्याच्या बापाची श्रीवर्धनजवळ सुपारीची वाडी होती. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आले. एका दुपारी वाडी आडवी झाली. सुपारीचे झाड लावल्यापासून फळ धरायला पाच-सहा वर्षे तरी लागतात. तोवर खायचे काय? म्हणून त्याने खाडीकडे तोंड वळवले. कर्जासाठी आईच्या पाटल्या गहाण पडणार होत्या. तेव्हा त्या अवघड शब्दामागे एका घराचे बरेवाईट होते.

मी काही शास्त्रज्ञ नाही. मॅट्रिक झालेला शाळामास्तर आहे. पण गणित मी जन्मभर शिकवले. आणि हा शब्द मुळात गणिताचाच आहे. त्या मुलाला मी जे समजावून सांगितले, तेच येथे लिहीत आहे.

२. पिंजरा म्हणजे काय?

खाडीत किंवा समुद्रात गोल तरंगते कडे ठेवतात. त्याला खाली पिशवीसारखे जाळे लावतात. कडे जागचे हलू नये म्हणून नांगर टाकतात. जाळ्यात माशांची पिले सोडतात. त्यांना रोज खाद्य घालतात. मासा मोठा झाला की काढून विकतात. हा झाला पिंजरा.

आपल्या देशात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने २००७ साली विशाखापट्टणमच्या समुद्रात असा मोठा पिंजरा टाकला. त्याचा व्यास १५ मीटर होता. त्यात जिताडाच सोडला होता. पुढे लहान पिंजरे निघाले. ते खाडीतही चालतात. महाराष्ट्रात कांदळवनांच्या कडेच्या गावांसाठी २०१७ साली शासनाने उपजीविकेची योजना काढली. तिच्यातही पिंजऱ्यातले मासे आहेत.

जिताडा आपल्याला नवा नाही. पेण-अलिबागकडचे शेतकरी खाडीतून पिले आणून तळ्यात सोडतात. पाहुणा आला की जिताड्याचे कालवण करतात. तेव्हा मासा ओळखीचा आहे. नवी आहे ती रीत.

तळे आपले असते. खाडी सगळ्यांची असते. खरी गोम येथेच आहे.

३. माझा स्वतःचा धडा

दुसऱ्याला शहाणपण सांगण्यापूर्वी माझी चूक सांगतो.

मी नोकरीत असताना भावाबरोबर एका तळ्यात जिताडा पाळला होता. मासा लवकर वाढावा म्हणून आम्ही खाद्य वाढवले. पाणी हिरवे झाले. भाऊ म्हणाला, "पाणी कसं छान हिरवंगार झालंय!" मलाही बरे वाटले.

श्रावणात तीन दिवस आभाळ भरून राहिले. वारा पडला. चौथ्या दिवशी पहाटे जाऊन पाहतो, तर सगळे मासे तोंड वर काढून आ-आ करीत होते. सकाळी आठ वाजेपर्यंत निम्मे पालथे झाले.

कोणी विष घातले असेल, असे आम्हांला वाटले. एका शेजाऱ्यावर आम्ही संशयही घेतला. विष कोणीच घातले नव्हते. मासे गुदमरून मेले होते, आणि गुदमरवले होते आम्हीच. त्या शेजाऱ्याची मी पुढे माफी मागितली. पण गेलेले मासे आले नाहीत, आणि तुटलेले मन सांधायलाही पुष्कळ दिवस लागले.

४. मासा गुदमरतो कसा?

मासाही श्वास घेतो. तो पाण्यात विरघळलेला प्राणवायू कल्ल्यांनी घेतो. पाण्यात प्राणवायू फार थोडा असतो. आपल्याकडच्या उबदार समुद्राच्या एका लिटर पाण्यात तो फार तर साडेसहा मिलिग्रॅम राहतो. तांदळाचा एक दाणा साधारण २० मिलिग्रॅमचा असतो. म्हणजे एक लिटर पाण्यात दाण्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाच प्राणवायू! तो ४ मिलिग्रॅमच्या खाली गेला की माशाची भूक मंदावते. आणखी खाली गेला की मासा तडफडतो.

हा प्राणवायू कोण खातो? मासा तर खातोच. पण उरलेले खाद्य आणि माशांची विष्ठा यांवर जगणारे सूक्ष्म जंतूही तो खातात.

आता खाद्याचा हिशोब करू. जिताड्याचे वजन १ किलो वाढवायला साधारण २ किलो गोळीखाद्य लागते. एक टन मासा काढायचा तर दोन टन खाद्य आले. त्या दोन टनांत सुमारे १४० किलो नत्र असते. त्यातले माशाच्या अंगी लागते साधारण पाचवा हिस्सा. बाकीचे ११० किलोच्या आसपास नत्र पाण्यात जाते.

११० किलो नत्र म्हणजे किती? युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात सुमारे २१ किलो नत्र असते. म्हणजे एक टन जिताडा काढला की खाडीत पाच पोती युरिया ओतल्यासारखे झाले!

शेतकरी बंधूंनो, युरिया घातला की भात कसे तरारते, ते तुम्हांला ठाऊक आहे. खाडीत भात नाही. तेथे पाण्यातले सूक्ष्म शेवाळ तरारते. पाणी हिरवे होते. हे शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू सोडते, पण रात्री तेच प्राणवायू खाते. म्हणून पहाटे पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो. आभाळ भरलेले असले की दिवसाही भर पडत नाही. माझ्या तळ्यात हेच झाले.

जड घाण खाली बसते. पिंजऱ्याखालचा चिखल काळा पडतो. त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. हा वास आला, म्हणजे तळाचा प्राणवायू संपला असे समजावे.

मग मासे पाळूच नयेत काय? असे नाही. पाणी वाहते असेल तर ते घाण घेऊन जाते आणि ताजा प्राणवायू आणते. प्रश्न एवढाच, की किती पाणी, किती वेळात, किती घाण नेते? हाच तो हिशोब. ह्या हिशोबालाच 'प्रतिमान' म्हणतात.

५. आपल्या वाडवडिलांचे प्रतिमान

प्रतिमान म्हणजे खऱ्या वस्तूचा कागदावरचा किंवा मातीतला जोडीदार. खऱ्या वस्तूला हात न लावता त्या जोडीदाराला विचारायचे, "असे केले तर काय होईल?"

हे काही साहेबांच्या देशातून आलेले खूळ नव्हे. भरती किती वाजता येईल, हे आपले नाखवा कसे सांगतात? तिथीला तीनाने गुणतात आणि चाराने भागतात. आज षष्ठी आहे. ६ गुणिले ३ म्हणजे १८. त्याला ४ ने भागले की आले साडेचार. म्हणजे साडेचारच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा वाजता. नाखवाने समुद्राकडे पाहिलेही नाही, आणि उत्तर सांगितले!

हे उत्तर कधी पाव-अर्ध्या तासाने चुकते. मग नाखवा आपल्या बंदराचा अनुभव त्यात मिळवतो आणि ते दुरुस्त करतो. बस्स. मोठ्या शास्त्रज्ञांची रीतही हीच आहे. आधी नियम बांधायचा, मग उत्तर काढायचे, मग प्रत्यक्षाशी ताडून पाहायचे, आणि चुकले तर दुरुस्त करायचे.

पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्र सरकारची जल आणि विद्युत संशोधन संस्था आहे. तिचे काम १९१६ साली सुरू झाले. तेथे मोठ्या जागेत बंदराची लहान प्रतिकृती बांधतात. किनारा, बेटे, खोल वाट, सारे मापाने लहान केलेले असते. त्यात पाणी सोडून लुटूपुटूची भरती-ओहोटी करतात. नवा धक्का बांधला तर गाळ कोठे साचेल, हे आधी तेथे पाहतात. आता हेच काम पुष्कळसे संगणकावर, आकड्यांनी करतात. त्याला गणिती प्रतिमान म्हणतात.

६. पातेल्यातली खाडी

त्या संध्याकाळी मी घरातून एक पातेले मागवले. कपड्यांना घालायची नीळही मागवली. तुम्हीही हा प्रयोग करून पाहा. पैसा लागत नाही.

पातेल्यात चार तांबे पाणी घ्या. ही झाली आपली खाडी. त्यात नीळ घालून ढवळा. हा रंग म्हणजे घाण. तो सोळा आणे धरा.

आता एक तांबा पाणी काढून बाहेर टाका. ही झाली ओहोटी. एक तांबा स्वच्छ पाणी ओता. ही झाली भरती. रंग किती राहिला? सोळा आण्यांचा पाऊण, म्हणजे बारा आणे. पुन्हा तसेच करा. आता नऊ आणे. पुन्हा करा, पावणेसात. पाच वेळा केले की चार आण्यांहूनही कमी रंग उरतो. खाडीला दिवसाकाठी साधारण दोन भरत्या येतात. म्हणजे अडीच दिवसांत बारा आणे घाण गेली.

मुलगा खूश झाला. "मग काळजी कसली, गुरुजी? खाडी सगळं धुऊन नेते!"

"थांब," मी म्हणालो. "तू मासे एकदाच जेवू घालणार, की रोज?"

आता प्रयोग जरा बदलू. पातेल्यात स्वच्छ पाणी घ्या. दर भरतीनंतर एक चिमूट नीळ टाका. म्हणजे एक तांबा काढा, एक तांबा घाला, एक चिमूट टाका. पुन्हा तेच. पातेल्यात चिमट्या किती साठतात? पहिल्याने १. मग पावणेदोन. मग सव्वादोनच्या वर. मग पावणेतीन. मग ३. असे चढत चढत रंग ४ चिमट्यांजवळ येऊन थांबतो. तेथेच का थांबतो? कारण पाण्यात ४ चिमट्या असल्या, म्हणजे दर तांब्याबरोबर एक चिमूट बाहेर जाते आणि एकच आत येते. जमा आणि खर्च सारखे झाले.

ध्यानात ठेवा, रंग शून्य होत नाही आणि अमर्याद वाढतही नाही. एका ठिकाणी स्थिर होतो. तो कोठे स्थिर होईल हे आधी सांगणे, हेच ह्या गणिताचे काम.

आता तिसरा प्रयोग. ओहोटीला बाहेर गेलेले पाणी सगळेच दूर जात नाही. त्यातले काही खाडीच्या तोंडाशी घुटमळते आणि भरतीबरोबर परत येते. म्हणून काढलेल्या तांब्यातले अर्धेच पाणी फेका. अर्धे परत पातेल्यात ओता आणि वर अर्धा तांबा स्वच्छ पाणी घाला. चिमूट टाकणे चालू ठेवा. आता रंग कोठे थांबेल? ८ चिमट्यांवर! चिमूट तीच, पातेले तेच, पण रंग दुप्पट.

समजा, १० चिमट्यांना मासा गुदमरतो. पहिल्या प्रकारच्या जागी दोन पिंजरे टाकले, तर रंग ८ वर थांबेल. मासे जगतील. दुसऱ्या प्रकारच्या जागी दोन पिंजरे टाकले, तर रंग १६ कडे चढेल. दोघांचेही मासे मरतील. एकाच पिंजऱ्याला तेथे जागा आहे.

मुलगा गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "गुरुजी, आम्ही दहा जण आहोत."

७. भांगाचे दिवस

कोळी बांधवांना हे सांगायला नको. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो. भांगाला पाणी चढतेही थोडे आणि उतरतेही थोडे. गोव्यापासून उत्तरेकडे जावे तशी भरतीची उंची वाढत जाते. मुंबईला उधाणात पाणी ४ मीटरहून जास्त चढते-उतरते. आपल्याकडे त्याहून कमी. त्यातून भांग असला म्हणजे आणखी कमी.

म्हणजे उधाणात जी जागा चांगली, ती भांगात वाईट होऊ शकते. भांगाचे दिवस थोडे असतात. तेवढ्यात रंग आठपर्यंत पुरता चढत नाही. पण चढू लागतो. त्याच दिवसांत आभाळ आले, वारा पडला, तर मासा सापडलाच कचाट्यात.

म्हणून पिंजरे किती टाकावेत, हे उधाण बघून ठरवू नये. भांग बघून ठरवावे. घर बांधताना आपण मृगाच्या सरी धरून छप्पर घालतो, वैशाखातले निरभ्र आकाश धरून घालत नाही. तसेच हे.

आणखी एक गोष्ट आहे. आपण धरले, की भरतीचे पाणी स्वच्छ असते. नेहमी तसे नसते. पावसाळ्याच्या अखेरीस, विशेषेकरून सप्टेंबर-ऑक्टोबरात, आपल्या पश्चिम किनाऱ्यालगत समुद्राच्या खालच्या थरात प्राणवायू फार कमी होतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हे मोजून २००० साली जगापुढे मांडले. तो तांबा आधीच निळा असतो, असे समजा. खाडीच्या वरच्या अंगालाही पाहावे लागते. सावित्रीच्या काठी वर महाडची औद्योगिक वसाहत आहे, गावे आहेत, शेते आहेत. पावसाचे गोडे पाणी त्याच वाटेने येते. बाणकोटच्या खाडीचा हिशोब मांडायचा, तर वरून येणारे पाणीही जमेला धरावे लागते.

८. खरे प्रतिमान कसे करतात?

खाडी पातेल्यासारखी नसते. कोठे खोल, कोठे उथळ. कोठे धार, कोठे डोह. म्हणून शास्त्रज्ञ नकाशावर खाडीचे बारीक चौकोन पाडतात. जणू खाडीवर जाळे पसरले. जाळ्याची प्रत्येक आस म्हणजे एक लहान पातेले.

मग प्रत्येक चौकोनाचे खाते मांडतात. वाण्याच्या वहीसारखेच. शेजारच्या चौकोनातून किती पाणी आले? किती गेले? त्याबरोबर घाण किती आली? पिंजऱ्यातून किती पडली? तळाशी किती बसली? हवेतून प्राणवायू किती मिळाला? जंतूंनी किती खाल्ला? ही बेरीज-वजाबाकी दर थोड्या मिनिटांनी पुन्हा करायची. चौकोन हजारो असतात. माणसाने केले तर जन्म पुरायचा नाही. संगणक ते लवकर करतो. पण संगणक करतो ती बेरीज-वजाबाकी, गुणाकार-भागाकारच. जादू नाही.

ह्या खात्याला खरे आकडे लागतात. ते खाडीवर जाऊनच आणावे लागतात. पाण्याची खोली मोजायची. धारेचा वेग आणि दिशा मोजायची, उधाणातही आणि भांगातही. प्राणवायू मोजायचा, आणि तोही पहाटे. दुपारी मोजला तर फसगत होते. पाण्याचा खारेपणा आणि उष्णता मोजायची. तळाचा चिखल काढून पाहायचा.

मग संगणकाचे उत्तर प्रत्यक्ष मापाशी ताडतात. जुळले नाही तर चूक शोधतात. जुळले, तरच पुढचा प्रश्न विचारतात, की येथे चार पिंजरे टाकले तर काय? आठ टाकले तर काय?

पेरावे तसे उगवते. खोटे आकडे घातले तर खोटेच उत्तर येते. नुसता रंगीत नकाशा पाहून भुलू नये. "हे कुठं मोजलं? कधी मोजलं? भांगात मोजलं का?" हे तीन प्रश्न जरूर विचारावेत. विचारण्यात कमीपणा नाही. आणि एक सांगतो, ह्या गणिताला वादळ कधी येणार ते कळत नाही. ते आपल्या सावधपणावरच राहते.

९. ज्यांनी हिशोब ऐकला नाही

फिलिपाइन्स नावाचा बेटांचा देश आहे. तेथे बोलिनाओ ह्या गावाजवळ समुद्राच्या फाट्यात लोक पिंजरे आणि कुंपणे करून मिल्कफिश नावाचा मासा पाळतात. तेथे पिंजऱ्यांची आणि कुंपणांची मर्यादा ५४४ ठरली होती. पण पैसा दिसू लागला आणि एकाचे बघून दुसऱ्याने टाकले. संख्या हजाराच्या वर गेली. पाण्याला जायला वाट उरली नाही. २००२ सालच्या आरंभी पाण्यात शेवाळाचा भडका उडाला. प्राणवायू खलास झाला आणि मासे ढिगांनी मेले. मर्यादा पाळणाऱ्याचेही मेले आणि मोडणाऱ्याचेही मेले. पाण्याला कुंपण नसते.

उलट स्कॉटलंडमध्ये सामन मासा पिंजऱ्यात पाळतात. तेथे नवा पिंजरा टाकण्यापूर्वी असे गणित करून दाखवावे लागते. घाण तळावर कोठवर पसरेल, हे आधी नकाशावर दाखवायचे. मग परवानगी. मग वरचेवर तळाचा चिखल तपासायचा. पीक काढल्यावर काही काळ जागा मोकळी सोडतात. आपण जमीन पड टाकतो ना, तसाच समुद्राचा तळही पड टाकतात.

आपल्या देशातही ठेच लागूनच शहाणपण आले. किनाऱ्यावर कोळंबीची तळी बेसुमार वाढली. गोडी शेते खारी झाली, विहिरी बिघडल्या. लोक न्यायालयात गेले. ११ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कडक निकाल दिला. पुढे २००५ साली किनारी जलशेतीसाठी कायदा झाला आणि एक प्राधिकरण नेमले गेले. २०२३ साली कायद्यात दुरुस्ती झाली. आता समुद्रातले पिंजरेही त्याच्या कक्षेत आले आहेत. तेव्हा नोंदणीवाचून पिंजरा टाकू नये. आधी अलिबागच्या मत्स्यव्यवसाय खात्याच्या कचेरीत जाऊन चौकशी करावी.

१०. आपल्याला काय करता येईल?

मोठे गणित शास्त्रज्ञ करतील. पण जागेची पहिली पारख आपली आपण करू शकतो.

धार पाहा. एका सुक्या नारळाला दोरी बांधा. दोरीला खाली हातभर फडके आणि छोटा दगड लावा, म्हणजे नारळ वाऱ्याने न वाहता पाण्याने वाहील. असे दहा नारळ ओहोटी लागताच सोडा. भरतीबरोबर किती परत येतात, ते मोजा. जास्त परत आले तर जागा कोंदट.

थाळी पाहा. पांढरी थाळी दोरीने पाण्यात सोडा. दिसेनाशी झाली की दोरीवर खूण करा. दर आठवड्याला त्याच वेळी मोजून वहीत लिहा. पावसाळा नसताना खूण दिवसेंदिवस वर येऊ लागली, पाणी हिरवे दिसू लागले, तर समजा शेवाळ वाढत आहे.

चिखल पाहा. पिंजऱ्याखालचा चिखल काढून हुंगा.

पहाट पाहा. मासे तोंड वर काढत असतील, तर त्या दिवशी खाद्य बंद.

खाद्य मोजून घाला. उरलेला प्रत्येक दाणा तुमचे पैसे खातो आणि माशाचा प्राणवायूही खातो. जवळ कालवे किंवा शिनाणे वाढवता आले तर पाहा. त्यांना खाद्य घालावे लागत नाही. ती पाण्यातले बारीक कण गाळून त्यांवरच जगतात.

११. दहा जणांनी काय केले?

पुढच्या रविवारी ते दहाही जण माझ्या ओटीवर जमले. त्यांच्यात एक म्हातारे नाखवाही होते. पातेले पुन्हा मांडले. मग आम्ही नारळ घेऊन खाडीवर गेलो.

त्यांनी धरलेली जागा आत होती. वाऱ्यापासून आडोसा होता. राखणीला सोयीची होती. तेथे दहा नारळ सोडले. सात परत आले. मग तोंडाकडच्या जागी सोडले. तेथे तीनच आले.

नाखवा हसून म्हणाले, "गुरुजी, त्या आतल्या डोहात मेलेला मासापण दोन दिवस फिरत राहतो, हे मी लहानपणापासून बघतोय. मला कोणी विचारलं असतं तर नारळ भिजले नसते." खरेच होते. शास्त्रज्ञाआधी गावातल्या म्हाताऱ्याला विचारावे, हाही एक धडा.

जागा कळली, पण संख्या कळली नाही. नारळांनी ती कळत नाही. ती मापे घेऊनच ठरते. तोवर दहा पिंजरे टाकणे म्हणजे जुगार. मग वाद झाला. कोणी थांबायचे? एक जण रागाने उठून गेला. "माझं नाव पहिलं आहे," असे तो म्हणाला. त्याच्याही घरी अडचण होती. त्याला दोष कसा द्यावा?

रात्री माझ्या विद्यार्थ्याच्या आईने तोडगा सांगितला. ती कधी शाळेत गेली नाही. ती म्हणाली, "पिंजरे कमी टाका, पण दहा जणांचे मिळून टाका. कमी मिळेल, पण सगळ्यांना मिळेल. आणि माझ्या एकटीच्याच पाटल्या का? दहा घरांचा भार दहा घरांवर पडू दे."

तसे ठरले. उठून गेलेला गडीही दोन दिवसांनी परत आला. तोंडाकडच्या जागेसाठी चार पिंजऱ्यांचा अर्ज केला आहे. मत्स्यव्यवसाय खात्याकडे मापे घेण्याची विनंतीही केली आहे. एक वर्ष मोजायचे. पाणी 'हो' म्हणाले तर वाढवायचे. मापांची वही आळीपाळीने प्रत्येकाने लिहायची. दोघांना लिहिता येत नव्हते. ते आता रात्रीच्या वर्गाला येतात.

पाटल्या अजून आईच्याच हातात आहेत.

खाडी बोलत नाही, पण हिशोब ठेवते. तिच्या वहीत उधारी फार दिवस चालत नाही. म्हणून तिच्या आधी आपण हिशोब मांडावा.

विचार करा, सांगा

१. आज दशमी असेल तर भरती किती वाजता येईल?
२. पातेल्यात दर वेळी दोन चिमट्या नीळ टाकली आणि एक तांबा पाणी बदलले, तर रंग किती चिमट्यांवर थांबेल?
३. पिंजऱ्यांची संख्या भांग बघून का ठरवावी?
४. तुमच्या गावच्या पाण्यात रोज काय काय पडते? ते कोठे जाते? घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि वहीत लिहा.